सोन्याचा भाव आणि धानाचं पोतं
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

 

मंडळाने यंदा आम्हा दोघांना एकाच विषयावर मिळून बोलायला सांगितलं, याचं कारण उघड आहे. आमच्यापैकी एकाची नोकरी बँकेच्या शाखेत सोनं तारण ठेवून कर्ज देण्यात गेली आणि दुसरीची शाळेत गणित शिकवण्यात. तेव्हा या भाषणातलं 'आम्ही' हे दोघांचं मिळून आहे. जिथे आमचं एकमत नाही तिथे तसं सांगूच. घरात लपत नाही ते इथे काय लपणार?

विषय आहे सोन्याचं मोल पुढेही टिकेल का. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख रुपयांवर गेला, तेव्हापासून किरनापुरात हळदीकुंकवापासून धानाच्या खरेदी केंद्रापर्यंत हीच चर्चा आहे. कुणाच्या मुलीचं लग्न धान निघाल्यावर करायचं ठरलंय, त्यांना आत्ता घ्यावं की थांबावं ते कळत नाही. कुणाला आईच्या पाटल्या मोडून पैसे मोकळे करावेसे वाटतात. आणि एक प्रश्न आम्हाला दोन-तीन घरांतून आला, त्यानेच खरं तर आम्ही बोलायला तयार झालो. प्रश्न असा: दोन एकर विकून सोनंच घेऊन ठेवलं तर? शेतीत काही राहिलं नाही आणि सोनं कधी खाली येत नाही, असं त्यामागचं बोलणं.

सोनं कधी खाली येत नाही, हे खरं आहे का, तेवढं आधी बघू.

भाव रुपयात सांगितला की डोळे दिपतात. पण रुपया हीच पट्टी आखडत जाणारी आहे. म्हणून आम्ही आपल्या भागातली पट्टी घेतली, धानाची. केंद्र सरकार दरवर्षी धानाला हमीभाव जाहीर करतं, ज्याला आपल्याकडे समर्थन मूल्य म्हणतात. साधारण प्रतीच्या धानाचा तो भाव आणि त्याच वर्षाचा सोन्याचा सरासरी भाव शेजारी शेजारी मांडला, आणि दहा ग्रॅम सोन्याला किती क्विंटल धान द्यावं लागलं असतं ते काढलं.

१९८० साली दहा ग्रॅमचा भाव सुमारे १३३० रुपये होता आणि धान १०५ रुपये क्विंटल. म्हणजे जवळपास तेरा क्विंटल. १९९० साली सोनं ३२०० आणि धान २०५, म्हणजे साडेपंधरा क्विंटल. २००० साली सोनं ४४०० आणि धान ५१०. हा भागाकार पुन्हा करून बघा, साडेआठ क्विंटलच येतात. वीस वर्षं पेटीत जपलेलं सोनं धानाच्या मापाने एक तृतीयांशाने उतरलं होतं! रुपयात मात्र ते तिपटीच्या वर गेलेलं दिसत होतं, म्हणून कुणाला उतरल्यासारखं वाटलं नाही. पुढे २०१० साली साडेअठरा क्विंटल, २०२० साली सव्वीस आणि २०२५ साली हमीभाव २३६९ रुपये असताना बेचाळीस.

तेरा, साडेपंधरा, साडेआठ, साडेअठरा, सव्वीस, बेचाळीस. या आकड्यांत चढ आहे तसा मोठा उतारही आहे. आपल्यापैकी तिशी-चाळिशीतल्या मंडळींनी फक्त चढ पाहिला आहे, कारण ती कमवायला लागली तीच २००० नंतर. ज्यांनी १९८० साली मुलीसाठी सोनं घेतलं आणि वीस वर्षांनी तिच्या लग्नात मोडलं, त्यांना विचारा.

गणिताच्या बाईंचा इथे एक आक्षेप आहे, तो नोंदवून ठेवतो. हा भागाकार सोनं वर गेल्याचं सांगतो, तितकंच धान मागे पडल्याचंही सांगतो. हमीभाव सरकार ठरवतं, सोन्याचा भाव जगाचा बाजार ठरवतो. त्यामुळे बेचाळीस या आकड्यात सोन्याचं तेज किती आणि शेतकऱ्याची अडचण किती, हे वेगळं काढता येत नाही. आक्षेप रास्त आहे. तरी आपल्या गावात धानाइतकं ओळखीचं माप दुसरं सुचलं नाही.

आता पोस्टाशी तुलना करू. १९८८ च्या एप्रिलमध्ये किसान विकास पत्रं निघाली, तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. त्या वर्षी हजार रुपयांचं पत्र घेऊन, मुदतीनंतर पुन्हा तेच करणाऱ्याचे १९९९ पर्यंत चार हजार झाले. सोनं त्याच काळात दहा ग्रॅमला ३१३० च्या आसपास होतं ते सव्वाचार हजारांच्या घरात गेलं. चौपट कुठे आणि सव्वापट-दीडपट कुठे! त्या काळी पोस्टात ठेवणाऱ्यांना आम्ही जुन्या वळणाचे म्हणत असू.

बाहेरच्या जगात तर हा उतार आपल्यापेक्षा फार वाईट होता. १९३४ पासून अमेरिकेने एका औंसाला, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमला, ३५ डॉलर हा भाव बांधून ठेवला होता. १५ ऑगस्ट १९७१ ला अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि भाव मोकळा सुटला. जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरवर पोचला, मग घसरत घसरत १९९९ साली अडीचशेच्या जवळ आला. ८५० चा आकडा पुन्हा दिसायला २००८ साल उजाडावं लागलं. अठ्ठावीस वर्षं, आणि त्यातली महागाई वेगळीच. आपल्याला ही घसरण एवढी जाणवली नाही, कारण त्याच काळात रुपया आठाला एक डॉलर होता तो पंचेचाळीसला एक झाला. आपल्याकडच्या सोन्याच्या भावात दोन वस्तू मिसळलेल्या असतात: सोन्याचं जगातलं मोल आणि रुपयाची घसरण. रुपयाची घसरण आपल्या सोन्याला खालून टेकू देत आली. पुढेही देईल असं आम्हाला वाटतं, पण त्याला सोन्याची तेजी म्हणणं बरोबर नाही.

आणि रुपयातही सोनं पडलंच नाही असं नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव ८८ रुपयांच्या वर होता. छापील तक्त्यांत १९६४ चा सरासरी भाव ६३ रुपयांच्या आसपास दिसतो. सतरा वर्षांनी सोनं रुपयातही स्वस्त! मधल्या काळात काय घडलं ते ज्येष्ठांना आठवत असेल. चीनशी युद्ध झालं, परकीय चलन संपत आलं आणि जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटचं मंगळसूत्र घालणार कोण? देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या, कित्येक घरं देशोधडीला लागली, आत्महत्याही झाल्या. ती अट पुढे सुटली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण राहिलंच. तो कायदा १९९० साली अर्थमंत्री असताना मधू दंडवते यांनी रद्द केला. समाजवादी अर्थमंत्र्याने सोन्याचा बाजार मोकळा करावा, याची आम्हाला आजही गंमत वाटते. मुद्दा असा की सोन्याचं मोल केवळ खाणीवर आणि बाजारावर ठरत नाही. आयात शुल्कच बघा: २०२२ साली १५ टक्के झालं, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ६ टक्क्यांवर आलं, आणि त्या दिवशी ज्यांच्या घरी सोनं होतं त्यांचा भाव काही न करता हजारोंनी उतरला.

सरकारांचंच बोलायचं तर आपल्या भागाने एक प्रकार फार जवळून पाहिला आहे. आपली घरं इकडे आली ती बहुतेक नागपूरकर भोसल्यांच्या अमलात. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकलं गेलं. त्या सोन्याचं मोल कमी झालं नव्हतं, फक्त ते भोसल्यांचं राहिलं नाही.

यापेक्षा आम्हाला जास्त विचार करायला लावते ती चांदी. आज चांदी म्हणजे सोन्याची धाकटी बहीण. पण आपल्या पणज्यांच्या काळी बचत म्हणजे चांदीच होती. रुपया चांदीचा, कमरेचा करदोटा चांदीचा, पायातले तोडे चांदीचे. एका भार सोन्याला साडेपंधरा भार चांदी, हे प्रमाण युरोपात इतकी वर्षं टिकलं होतं की लोकांना तो सृष्टीचा नियम वाटे. १८७० नंतर जर्मनीने आणि मागोमाग इतर देशांनी नाण्यासाठी चांदी सोडून सोनं धरलं, नव्या खाणींची चांदी बाजारात आली आणि वीस-पंचवीस वर्षांत ते प्रमाण तिसाच्या पलीकडे गेलं. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. अखेर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. बंदीनंतर घरातली चांदी ही फक्त चांदी उरली.

या सगळ्या प्रकरणाचा मुळापासून अभ्यास केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांची थोरवी आपण वेगळ्या कारणांनी जाणतो, पण हा ग्रंथ आपल्या वाचनालयात असायला हवा असं आम्ही कार्यकारिणीला सुचवतो. चलनाचं सोन्याशी प्रमाण पक्कं असलं म्हणजे बाजारात वस्तूंशीही पक्कं राहील असं नाही, हा भेद त्यात किती बारकाईने मांडला आहे! शंभर वर्षांपूर्वीचं ते विवेचन आजच्या आपल्या प्रश्नालाही लागू आहे.

मग चांदीचं झालं ते सोन्याचं होईल का? होणारच नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस आम्ही तरी मानत नाही. पण आज वारं उलट दिशेने आहे. २०२२ पासून सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे २०२५ च्या मार्चअखेर ८७९ टनांच्या वर सोनं होतं. याच रिझर्व्ह बँकेला १९९१ साली ४७ टनांच्या आसपास सोनं परदेशी तारण ठेवावं लागलं होतं, तेव्हा देशभर मान खाली गेली होती. आणि एक साधी गोष्ट आहे. आजवर जगात जमिनीतून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांहून थोडं अधिक भरतं आणि दरवर्षी त्यात दोन टक्क्यांहून कमी भर पडते. नोटा छापता येतात तसं ते वाढवता येत नाही.

किती कष्टाने ते मिळतं, हे पाहायला आफ्रिकेत जायला नको. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ निघाला, त्यात नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या सोनझारा लोकांच्या नोंदीत आपल्या बालाघाट जिल्ह्याचं नाव आहे. थंड पाण्यात उभं राहून, लाकडी परातीत वाळू हलवत दिवस काढायचा आणि तळाला कण चमकले तर चमकले. दिवसाची मजुरी सुटली तरी पुष्कळ. जिल्ह्यात भरवेलीला मँगनीज निघतं, मलाजखंडला तांबं निघतं, पण त्यांची पेटी कुणी भरून ठेवत नाही. गंजत नाही आणि सहजी सापडत नाही, एवढ्या दोन गुणांवर सोनं हजारो वर्षं उभं आहे.

आता बँकेतल्या काउंटरवरून दिसलेलं सांगतो. लोक विचारतात सोन्याचं, आणि घरात असतो दागिना. हे दोन एक नव्हेत. आजीने 'पाच तोळ्यांची' म्हणून दिलेली वस्तू असते तेव्हा तिचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, बारा मासे, आणि माशाला आठ गुंजा. आज सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. इथवर तुमचा फायदाच आहे. पण जुनी बोरमाळ असेल तर मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. वजनकाट्यावर ती लाखही बसते. सांधायचा डाक निराळा. मोडायला गेलं की लाख जळते, डाक निघतो, कस लावला की बावीस कॅरट म्हणून घेतलेलं अठरा भरतं आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि समोरच्या सराफाने त्यात काहीच केलेलं नसतं.

नव्या दागिन्याचा हिशेब करून दाखवतो. शुद्ध सोनं लाख रुपये धरा. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरट गोफात सोनं झालं ९१,६०० रुपयांचं. घडणावळ बारा टक्के धरली तर १०,९९२. त्यावर तीन टक्के कर. तुम्ही दिलेत १,०५,६७० रुपये. दुसऱ्या दिवशी अडचण आली आणि विकायला गेलात तर, सराफ अगदी सज्जन असून घट धरली नाही तरी, ९१,६०० मिळतील. चौदा हजार गेले. भाव पंधरा टक्क्यांहून जास्त चढेल तेव्हा तुम्ही कुठे मूळ जागी याल. दागिना अंगावर घालण्याचा आनंद त्या चौदा हजारांत घेतला असं म्हणा, आमची हरकत नाही. त्याला बचत मात्र म्हणू नका. बचत म्हणून घ्यायचं तर वळं किंवा नाणं घ्या. सरकारने २०१५ च्या नोव्हेंबरात सुवर्ण रोखे काढले होते, ग्रॅमला २६८४ रुपयांनी. त्या पहिल्या रोख्यांचे आठ वर्षांनी ६१३२ प्रमाणे पैसे मिळाले, वर व्याज. फेब्रुवारी २०२४ नंतर मात्र नवे रोखे निघालेले नाहीत.

इथे आम्हा दोघांचा वाद आहे. बँकवाले म्हणतात, वळं घ्या. बाई म्हणतात, वळं पुरुष विकून टाकतो, गळ्यातलं विकायला बायकोला विचारावं लागतं. घडणावळ ही त्या विचारण्याची किंमत आहे. यावर आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही, पण बाईंच्या बाजूने कायदा आहे एवढं सांगतो. लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन, तिच्या एकटीच्या मालकीचं. सासरी ते नुसतं सांभाळायला दिलं तरी मालकी बदलत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निर्णय आहे. कर्जाच्या कागदावर सही नवऱ्याची आणि सोनं बायकोचं, हे आम्ही नोकरीत इतक्या वेळा पाहिलं आहे की मोजदाद नाही. निदान तिला माहीत तरी असावं.

सोनं अडचणीला उपयोगी पडतं, हे शंभर टक्के खरं. पण अडचण सगळ्यांना एकदम येते तेव्हा काय होतं, हे १९३१ ने दाखवलं. जगभर मंदी, धान्याचे भाव कोसळलेले, सारा आणि सावकार मात्र जिथल्या तिथे. सप्टेंबरात इंग्लंडने सोन्याशी पौंडाचं नातं तोडलं, सोनं महागलं, आणि खेड्यापाड्यांतून दागिने बाहेर पडू लागले. कायद्याने ठरलेला भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. त्याच्यावर पाच-सात रुपये जास्त मिळतात म्हणून लोकांनी विकलं, आणि विकण्यावाचून दुसरा मार्गही नव्हता. ते सोनं मुंबईहून बोटींनी विलायतेला गेलं. त्या सोन्याने घरं वाचवली हे मान्य करायला हवं. पण पुढच्या पंधरा वर्षांत भाव तिपटीच्या पुढे गेला, तेव्हा ते त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून दोन एकर विकून सोनं घेणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, करू नका. धानाच्या मापाने सोनं २०२५ साली बेचाळीसवर होतं, आपल्या तक्त्यातल्या सगळ्यांत महाग जागी. इथून ते चढेलही, पण १९८० साली घेणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. शेत दरवर्षी काही ना काही देतं. पेटीतले दहा ग्रॅम वीस वर्षांनी दहा ग्रॅमच असतात. शिवाय विकलेली जमीन आपल्या घराला परत मिळाल्याचं उदाहरण आम्हाला तरी गावात आठवत नाही. पन्नास वर्षांचा हिशेब धरला तर सोन्याने महागाईला तोंड दिलं आहे आणि पुढेही देईल असा आमचा अंदाज आहे. दहा वर्षांचा हिशेब असेल तर आम्ही काहीही सांगू शकत नाही. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी भावाची वाट बघू नये, लागेल तेवढं दोन-तीन वेळा मिळून घ्यावं. आणि आईच्या पाटल्या मोडायच्या की नाहीत, ते आईला विचारावं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. हॉलमार्क बघताना नुसता ९१६ बघू नका, सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही बघा. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. पावतीवर सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. लॉकरमध्ये ठेवता त्याला वारस नेमला आहे का ते तपासा. आग लागली, चोरी झाली किंवा बँकेच्या माणसाने अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, हेही लक्षात असू द्या. आणि घरी एका वहीत प्रत्येक दागिन्याचं वजन, तो कुणाचा आणि कुणी दिला, हे लिहून ठेवा. वहीचा नमुना आम्ही करून आणला आहे, प्रती मागच्या टेबलावर आहेत. आरतीची वेळ झाली, प्रश्न असतील तर प्रसादानंतर बसू.